मानाचा टॉवेल

गेल्या वर्षीच्या वैशाखात, पाथर्डीच्या एका मंगल कार्यालयात, बारा वाजून पस्तीस मिनिटांचा मुहूर्त दीड वाजून गेला तरी दारात तिष्ठत उभा असताना, मुठीतल्या अक्षतांचा घामाने भात होतो की काय या विवंचनेत वऱ्हाडी मंडळी असताना, आणि व्यासपीठावरचा निवेदक ध्वनिक्षेपकातून सत्कारमूर्तींची नावे एकामागून एक पुकारीत असताना, तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसून मी स्वतःचे नाव ऐकण्यासाठी ज्या एकाग्रतेने कान टवकारले होते, तिच्या चतुर्थांश एकाग्रता जर मी तारुण्यात खात्याच्या परीक्षेला दाखविली असती, तर अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त होण्याचा प्रसंग माझ्यावर खचित आला नसता.

आजी सरपंच झाले, माजी सरपंच झाले, भावी सरपंचही झाले. सोसायटीचे चेअरमन झाले, दूध डेअरीचे चेअरमन झाले. आपण नक्की कशाचे चेअरमन आहोत हे ज्यांना स्वतःलाच सांगता येत नाही असे नुसते 'चेअरमन' झाले. अखेरीस खते-बियाण्यांचे दुकान चालविणारे माझे साडू 'सुप्रसिद्ध उद्योजक' या उपाधीसह पुकारले गेले, त्यांच्या मस्तकावर भगवा फेटा चढला, आणि निवेदकाने "वेळेअभावी ज्यांची नावे घेता आली नाहीत त्यांनी आपला सत्कार झाला असे समजावे" असे म्हणून मंगलाष्टकांना वाट करून दिली. बत्तीस वर्षे मी सरकारी दप्तरात इतरांची नावे लावली, कमी केली, दुरुस्त केली. पण 'झाले असे समजावे' हा शेरा माझ्या स्वतःच्या नावापुढे पडलेला मी प्रथमच पाहिला.

पंगतीच्या गडबडीत वरपिता धापा टाकीत आला आणि "राहून गेलं बघा" असे पुटपुटत त्याने माझ्या हातात टॉवेल-टोपी कोंबली. आमच्या नगरी मुलखात टॉवेल-टोपी ही वस्तू नसून एक चलन आहे, हे बाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. तो टॉवेल अंग पुसण्यासाठी नसतो. किंबहुना पाण्याशी त्याचा कधी संबंध येऊच नये अशाच बेताने तो विणलेला असतो. तो एका घरच्या लग्नात मिळतो, दुसऱ्या घरच्या जावळाला दिला जातो, तिथून तिसऱ्या घरच्या वास्तुशांतीला जातो, आणि अशा रीतीने झिरमिरीत कागदाच्या वेष्टनातून कधीच बाहेर न पडता तालुकाभर मान पोहोचवीत फिरतो. घरी आल्यावर मी वेष्टन न काढताच टॉवेलाचा कोपरा उजेडात धरला, तेव्हा तिथे निळ्या शाईत एक बारीकसा आकडा दिसला. तो माझ्याच हातचा होता. हातावेगळ्या होणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर जावक क्रमांक टाकण्याची माझी जुनी खोड. दोन वर्षे पाच महिन्यांपूर्वी तिसगावच्या एका कार्यात मी दिलेला टॉवेल, न जाणो किती मानकऱ्यांच्या हातून फिरून, माझ्याच आवकेत जमा झाला होता. मी निमूटपणे त्यावर आवक क्रमांक टाकला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि झोप न लागलेला कारकून जे करतो तेच मी केले: प्रकरणाची पूर्वपीठिका तपासली.

मान ही आपल्याकडे मनाची नव्हे, दप्तराची बाब होती. जुन्या वतनी कागदांतून पाटलाचे मान कलमवार नोंदलेले सापडतात: पोळ्याला बैल आधी कोणाचे निघावेत, होळीत पोळी आधी कोणाची पडावी, पानविडा आधी कोणाच्या हाती द्यावा. दोन भाऊबंदांत वतनाचा तंटा पडला की साक्षीपुराव्याने निकाल न लागल्यास रवा-दिव्याची पाळी येई; म्हणजे उकळत्या तेल-तुपाच्या कढईत हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढायचा, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करायची, आणि पुढे पिशवी सोडून पाहताना हात शाबूत निघाला तर वतन आपले. ज्या हाताने पानविडा घ्यायचा तो हात विड्यासाठी कढईत घालणाऱ्या या पूर्वजांपुढे, तिसऱ्या रांगेत घाम पुसत बसलेला मी म्हणजे अगदीच लेचापेचा उमेदवार होतो, हे कबूल केले पाहिजे.

पुढे 1950 साली संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने रावसाहेब-रावबहादुरांचे किताब मोडीत काढले, 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली, आणि मान बेघर झाला. पण ज्याला बसायला जागा नाही त्याला उभे राहायला रस्ता मोकळा असतो. आमच्याच जिल्ह्यात प्रवरानगरला 1950 च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना धुराडे सोडू लागला आणि त्या धुरातून 'चेअरमन' नावाचा नवा किताब प्रकट झाला. कोणाही पातशहाच्या सहीशिक्क्यावाचून तो इतका फोफावला की आज आमच्याकडे चार माणसे एकत्र चहा प्यायली तर त्यांतले तीन माजी चेअरमन निघतात आणि चौथा त्यांचे पैसे देतो. या उपाधींना सांप्रत फलकांचा आश्रय आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा असोत वा निवडीबद्दल अभिनंदन असो, चौकात माणूस उभा राहिला की त्याच्याकडे चाळीस चेहरे एकाच वेळी हात जोडून पाहतात. दसऱ्यानंतर मात्र या देखाव्याला विलक्षण अवकळा येते. आमचा तालुका अवर्षणाचा. दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे मुकादमाची उचल अंगावर घेऊन, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादून, उसाच्या मुलखात तोडीला निघून जातात. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता'. नाव, आडनाव, गाव यांची पृच्छा कोणी करीत नाही. मागे चौकात उरतात ती फक्त फलकावरची माणसे, एकमेकांकडे पाहून हात जोडणारी.

पण हे शहाणपण मला त्या रात्री सुचले नाही. सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी चहाचा कप पुढे ठेवीत सरळ निकालपत्रच वाचले: "तुम्ही काही कुणाला दिसत नाही. गाडी घ्या. गाडी तरी दिसेल."

दसऱ्याच्या मुहूर्तावर, भविष्यनिर्वाह निधीतली उरलीसुरली शिल्लक आणि एका बँकेचे सात वर्षांचे कर्ज यांच्या संयोगातून, पांढऱ्या रंगाची, जमिनीपासून बरीच उंच आणि माझ्या ऐपतीपासून त्याहून उंच अशी एक चारचाकी आमच्या दारात अवतीर्ण झाली. मागच्या काचेवर 'कुलस्वामिनी प्रसन्न' असे लिहून घेतले; मोहट्याच्या देवीने हप्ते भरावेत अशी माझी अपेक्षा नव्हती, पण तिला कल्पना असावी एवढाच हेतू. टॉवेल वेष्टनासकट मागच्या सीटवर विराजमान केला.

त्या दिवसापासून लोकांना मी दिसू लागलो आणि मला लोक दिसेनासे झाले. पूर्वी संध्याकाळी मी सायकल घेऊन निघे. बसस्थानकासमोरच्या टपरीपाशी एक पाय जमिनीवर टेकून चहा घेई. कोणाच्या फेरफाराला हरकत आली, कोणाची म्हैस व्याली, कोणाचे पोर पळून गेले आणि कोणाचे परत आले, ही सारी खबर तासाभरात मिळून परतताना मेथीची जुडी हँडलला लोंबकळत असे. चारचाकीला जुडी लटकविण्याची सोयच नसते. टपरीपुढे गाडी थांबविली की मागून हॉर्न वाजतात, भाजीवाली माझ्या चेहऱ्याकडे न पाहता गाडीकडे पाहून भाव सांगते, आणि जुने मित्र काचेजवळ वाकून "काय साहेब, आज इकडे कुठे?" असे विचारतात, जणू मी तीस वर्षे याच गल्लीत राहत नसून नाशिकहून तपासणीला आलो आहे. लग्नाची आमंत्रणे दुपटीने वाढली, आणि गाडीतून उतरणाऱ्याने पाकिटात किती घालावे याविषयी समाजाचे जे अलिखित दरपत्रक आहे तेही मला कळले. घरी गाडी उभी असली की पोरांच्या चेंडूची भीती, बाहेर असली की ओरखड्याची, आणि मध्यरात्री मांजर बॉनेटवर उडी मारून बसले की मी बॅटरी घेऊन धोतर सावरीत अंगणात. सायकलीने बत्तीस वर्षांत मला एकदाही रात्री उठविले नव्हते.

यंदाच्या फाल्गुनात साडूंनी प्रस्ताव मांडला की रंगपंचमीला मढीच्या यात्रेस जाऊ, आणि गाडीनेच जाऊ. मढी आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरांवर, कानिफनाथांचे समाधिस्थान, होळीपासून पाडव्यापर्यंत भरणारी तिची यात्रा अवघ्या महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींची पंढरी म्हणून ख्यातकीर्त आहे. नवनाथांत मानमरातबाचा विशेष कोणाला ठाऊक असेल तर तो कानिफनाथांनाच. जन्मच मुळी हत्तीच्या कानातून. मालूच्या 'नवनाथ भक्तिसारा'त ते शेकडो शिष्यांच्या लवाजम्यासह थाटात मार्गक्रमण करीत असता वाटेत एकाकी भटकणारे गोरक्षनाथ भेटतात. प्रथम दोघे एकमेकांना विद्येचे चमत्कार दाखवितात, आणि मग कानिफ म्हणतात, तुझा गुरू स्त्रीराज्यात विलासात रमला आहे. गोरक्ष उत्तरतात, तुझ्या गुरूला गोपीचंद राजाने लिदीच्या खड्ड्यात पुरले आहे. दोन सभ्य गृहस्थ समारंभात भेटले असता परस्परांच्या घरची उणी कशी सहजगत्या काढतात, याचा इतका अस्सल नमुना मला मंगल कार्यालयाबाहेर अन्यत्र आढळलेला नाही. फरक इतकाच, की हे दोघे ते ऐकून आपापल्या गुरूला सोडवायला निघाले. आम्ही जेवायला निघतो.

मढीच्या गडाची तटबंदी आणि दरवाजे याविषयी परंपरा सांगते की शाहू महाराजांच्या सुटकेसाठी येसूबाईंनी बोललेला नवस त्यातून फेडला गेला. मला त्या दरवाजापाशी नेहमी शाहूंची बंदिवासातली पायरी आठवते. 1689 साली रायगड पडल्यावर औरंगजेबाने त्या बालराजाला कैद केले आणि त्याच वेळी 'राजा' हा किताब व सात हजारांची मनसब दिली. किताब होता, मनसब होती, इतमाम होता. नव्हती ती फक्त छावणीबाहेर पाऊल टाकायची मोकळीक, आणि ती मिळायला 1707 साल उजाडावे लागले. अठरा वर्षे सप्तहजारी कैदी! सात वर्षांच्या हप्त्याचा कैदी त्या दरवाजाखाली उभा राहून थोडा खजील झाला, हे नमूद करतो.

वर कळसाला काठ्या भेटत होत्या, भाविक रेवड्या उधळीत होते. रेवडी उधळणे ही इथे भक्ती आहे. रेवडी उडणे म्हणजे काय, ते मला खाली उतरल्यावर कळायचे होते.

गाडी आम्ही लांब एका पडीक वावरात उभी केली होती. साडू दर्शनाच्या रांगेत ओळखीचा विश्वस्त शोधीत राहिले आणि मी एकटा परतलो, तो माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरला दोन गाढवे बांधलेली. मढीचा गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. काठेवाडी, गावरान, काळी, पांढरी, तऱ्हेतऱ्हेची गाढवे इथे दात मोजून विकली जातात. गाढवाविषयी आपल्या भाषेने अतिशय अन्याय केला आहे: धिंड त्याच्यावरून, नांगर त्याचा, गीता त्याच्यापुढे आणि गुळाची चव मात्र त्याला नाही. पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, तेवढाच काय तो त्याचा जाहीर सत्कार.

"सायेब, रागावू नगा," सावलीत बसलेला पन्नाशीचा एक गृहस्थ उठून म्हणाला, "खुटा ठोकाया जमीन लई कडक हाय. तुमची गाडी दिसली. जाग्यावरनं हलंना, म्हनलं खुटा ब्येस हाय."

गाडीची ही पहिली निःस्वार्थ प्रशंसा होती. मी रागावलो नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला हलकेच लाथ घालून पाहिली, आणि धंद्याला हात घातला.

"केवढ्याला पडली?"

मी सांगितले.

"आन् आज इकली तर?"

मी तोही आकडा सांगितला, जरा हळू आवाजात.

"आरं द्येवा! सा म्हैन्यात दोन लाख खाल्लं, आन् दात बी न्हाईत हिला. ह्ये बगा, ह्ये मी पोरवयात घेतलं. आता अखंड दातांचं झालंय, सवाईनं मागत्यात. वर लिदीचं पैसं ईटभट्टीवाला देतो त्ये निराळं."

हिशेबात मला त्याच्याशी वाद घालता येईना. गाढवाचा भाव चढण्याचे कारण मात्र मला माहीत होते आणि ते फारसे आनंदाचे नव्हते. 2012 च्या पशुगणनेत देशात तीन लाख वीस हजारांच्या आसपास गाढवे होती. 2019 च्या गणनेत ती एक लाख वीस हजारांवर आली. माती वाहायला ट्रॅक्टर आला, ओझे वाहायला टेम्पो आला. चेअरमनांची मात्र गणना होत नाही.

तरीही फाल्गुनातले मोकळे रान, झाडाची सावली आणि हप्त्याविना चरणारी ती दोन जनावरे पाहून माझ्यातला निबंधकार जागा झाला. मी म्हणालो, "तुमचं बरं आहे. आज इथे, उद्या तिथे. ना कुणाचा मान, ना अपमान. केवढं स्वातंत्र्य!"

तो माझ्याकडे काही क्षण पाहत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. लहान पोराने काही विचारावे तसा भाव होता.

"सायेब, एका जागी ऱ्हाऊ देत न्हाईत म्हून फिरतो."

मग त्याने विचारले, नोकरीला कुठे होता? तहसिलीत, असे म्हणताच त्याने पटकुरात गुंडाळलेली एक पिशवी सोडली आणि आतून घड्यांवर फाटलेले कागद काढले. मुलगा शिकला होता. जातीच्या दाखल्यासाठी अर्ज केला होता. अर्ज परत आला होता. भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. ही तारीख मला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्की पाठ. "एकसष्ट सालचा पुरावा कुठनं आनू?" तो म्हणाला. "माजा बाप तवा गाढवामागं चालत व्हता."

1871 च्या कायद्याने ज्या जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांची 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या कायद्यातून सुटका झाली, आणि म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. शब्दात मुक्ती आहे. सातबाऱ्यावर नाही, कोतवाल बुकात नाही, शाळेच्या दाखल्यातही नाही. वेगवेगळ्या तालुक्यांत मिळून बत्तीस वर्षांत अशा किती अर्जांवर मी 'रहिवासाच्या पुराव्याअभावी परत' हा शेरा स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिला असेल, याची मोजदाद नाही. माझ्या अक्षराची वरिष्ठांनी तारीफ केली होती. सेवापुस्तकात तशी नोंद आहे.

ऊन चढले होते. रंगपंचमीचा गुलाल, धूळ आणि घाम यांचे लोट त्याच्या मानेवरून ओघळत होते. मी मागचे दार उघडले आणि मानाचा टॉवेल काढून त्याच्या हाती दिला. तालुक्यात अर्धा डझन घरे फिरून आलेले ते झिरमिरीत वेष्टन त्याने एका झटक्यात फाडले, खसाखसा तोंड पुसले, मान पुसली, आणि उरल्या कोरड्या टोकाने एका गाढवाच्या डोळ्यांवरच्या माश्या वारून त्याचेही डोळे टिपले. जावक क्रमांक टाकायचे राहून गेले.

साडू फेटा बांधूनच आले. विश्वस्त सापडला होता. गाढवे सोडवून घेईपर्यंत त्यांना गाडीत बसता आले नाही, आणि मला अर्ज पुरा लिहून झाल्याखेरीज गाडी सुरू करता आली नाही.

पाडव्यानंतर मी गाडी विकली. आणखी थोडे नुकसान झाले. सौभाग्यवती आठ दिवस बोलल्या नाहीत, नवव्या दिवशी मेथी आणा म्हणाल्या. यंदाच्या वैशाखात पुन्हा त्याच कार्यालयात लग्न होते. मी सायकलीने गेलो, अक्षता टाकल्या, पहिल्या पंगतीला बसलो, आणि बुंदीचा दुसरा घास तोंडात असताना ध्वनिक्षेपकावरून माझे नाव ऐकू आले. चक्क 'ज्येष्ठ विचारवंत' असे. मी घास गिळेपर्यंत माझ्या रिकाम्या खुर्चीवर टेकलेल्या मंडपवाल्याच्या पोराला फेटा बांधून झाला होता. त्याला तो शोभला.

मढीला लिहिलेला अर्ज अद्याप प्रलंबित आहे. एकसष्ट सालापूर्वी त्याच्या आज्याने मढीच्या बाजारात गाढवे घेतली होती असे तो सांगतो. त्या व्यवहाराची पावती कोणा जुन्या व्यापाऱ्याच्या घरी, चोपडीत, पेटीत, तुळईच्या फटीत कुठेही खोचलेली असू शकेल. ज्या वाचकांकडे मढीच्या बाजाराचे 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे काही कागद असतील त्यांनी कृपा करून ते एकदा उलगडून पाहावेत. मोडीत असले तरी चालतील. मोडी मला वाचता येते.